कापसाचा बोळा

नारायण पेठ, पुणे
६ ऑगस्ट २०२५

चि. पूर्वा,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? खोलीतल्या नम्रताचा ताप उतरला का? खानावळीच्या मावशींचा गुडघा काय म्हणतो? इकडे तुझ्या बाबांचं पित्त वाढलंय, आईची कंबर आता बरी आहे. राधाआत्या येऊन गेली. तिची जीभ ठणठणीत आहे. मीही बरा आहे.

वाघोली काही परदेशात नाही, पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. नम्रता उचलते. तिच्याकडून कळलं, की तू प्रॅक्टिकलला जात नाहीस आणि शरीरक्रियाशास्त्र सोडून दुसरा विषय मागते आहेस.

तुझ्या झेरॉक्सचे सुटे कागद इथेच राहिले होते. बुधवार पेठेत जन्मभर पुस्तकं बांधली, बांधता बांधता वाचायला शिकलो. हात स्वस्थ बसेनात, म्हणून हेही बांधलं. पाठीला कापड लावलंय. पानं जुळवताना घशाचं चित्र लागलं. इंग्रजी माझं जेमतेम, पण चित्र कळलं. श्वासाची नळी पुढे, अन्नाची मागे आणि वर इवलंसं झाकण. गिळताना ते मिटतं. ते पान पाहिलं आणि आजी गेली ती सकाळ आठवली.

त्या सकाळी तू हेच तर सांगत होतीस गं. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझ्या आजीला गिळता येत नव्हतं. शेवटचं म्हणून बाबांनी गंगाजळाचा चमचा उचलला आणि तू त्यांचं मनगट धरलंस. "बाबा, नको. श्वासात जाईल, गुदमरेल ती." आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "दोन बुकं शिकलीस आणि माझ्या आईला तहानलेली घालवलीस!" बाबांनीही तोंड फिरवलं.

त्याआधी तू त्याच पाण्यात कापूस बुडवून आजीच्या ओठांना लावत होतीस. डोळे भरल्यानं तुला काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. इंदूनं तो बोळा चोखला, पूर्वा. तान्ह्या लेकरासारखा. मग तिच्या कपाळावरची आठी गेली.

ती तहानलेली गेली नाही.

हे कुणाला सांगायला गेलो की मीच विषय बदलून उठून जायचो. काल तुझ्या बाबांना सांगितलं. संध्याकाळी ते तुझं पुस्तक उघडून बसले होते, चष्मा न लावताच. रविवारी ते मीच पोहोचवतो म्हणाले. आले तर भांडू नकोस, चहा पाज.

विषय सोडू नकोस. आत्याचं मी बघतो.

आणि एक मागणं आहे. माझी वेळ येईल तेव्हा लांब राहू नकोस. उशाशी तू बस. चमचा की कापूस, ते तू ठरव. घरात सगळ्यांना मी आत्ताच सांगून ठेवलंय.

उत्तर लवकर लिही. दोन ओळी चालतील, पण तुझ्या हातच्या.

तुझ्या भरवशावर निश्चिंत असलेला,
आजोबा