उपवास तुमचे, चूल माझी

अहो,

एवढ्या संसारात तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहिते आहे, कारण मी तुमच्यावर रागावले आहे आणि ऐकायला तुम्ही उरला नाहीत. काल खकनारचे पाहुणे येऊन गेले. आपल्या सुधाला त्यांनी पसंत केलं आणि जाताना एक अट घातली.

अट सांगते. पण आधी माझं ऐका.

दुसऱ्याचा धर्म नुसत्या पोथ्या वाचून कळत नाही, त्याचा उपवास धरून बघावा लागतो, असं तुमचं म्हणणं. म्हणून एकादशा झाल्या, जिवलग मित्र हकीमसाहेबांसोबत रमजानचे रोजे झाले, जैनांचं पर्युषण झालं, खंडव्याच्या पाद्रीबाबांचे ईस्टरआधीचे उपवासही झाले. सभेत हे सांगितलंत की लोक टाळ्या वाजवायचे. पहाटे अंधारात उठून रोज्याआधीची तुमची सहरी कोण रांधायचं? पर्युषणात सूर्य मावळायच्या आत ताट वाढायला कोण धावायचं? विचारलं कुणी?

सासूबाईंनी सहरीची भांडी वेगळी काढली. मग त्या भांड्यांत शिजवणारी मीही वेगळीच झाले. आपल्या सिंधीपुऱ्यातल्या बायका संक्रांतीचं हळदीकुंकू घेऊन माझ्या दारावरून पुढे निघून जायच्या. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, त्यांना थोडा वेळ लागेल. वेळ त्यांना लागणार होता आणि एकटी मी बसणार होते!

राज्यं नव्याने आखली, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आपण इकडे हिंदी मुलखात राहिलो, तेव्हापासून तर एकात्मतेच्या सभांना ऊतच आला. पाहुणा आला की तुम्ही त्याला आपल्या गावच्या जामा मशिदीत कोरलेला संस्कृत लेख दाखवायला न्यायचात. तो दाखवताना तुमचा चेहरा उजळायचा. तो चेहरा मला आवडायचा, हेही लिहून टाकते.

पण शाळेतल्या मुली सुधाला "तुझे बाबा बाटले" म्हणून चिडवायच्या, हे तिने तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगणार कधी? कुराण मुळातून समजावं म्हणून तुम्ही अरबी शिकलात. पोटच्या मुलीशी बोलायला काय शिकावं लागणार होतं?

तर अट. मुलाच्या वडिलांच्या केळीच्या बागा, माणूस तोंडाचा गोड. म्हणाले, "वहिनी, मास्तर विद्वान होते, पण ते तर गेले आता. मांडवात तो हकीम दिसायला नको. आणि कोणी विचारलं तर बोलून द्यायचं, रोजे-बिजे काही नव्हते, नुसता अभ्यास होता."

मुलगा चांगला आहे हो. खकनारच्या शाळेत शिकवतो. चहा देऊन सुधा आत आली तेव्हा हसत होती. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच.

गल्लीत काय लपतं? अट हकीमसाहेबांच्या कानावर गेली. आज सकाळी ते आले, आत यायला तयार नाहीत. दारातूनच म्हणाले, "भाभी, मुझे मत बुलाना। बच्ची का घर बस जाए।" मी त्यांच्यावरही चिडले. तुम्ही दोघं सारखेच! एक न विचारता सगळं अंगावर घेणार, दुसरा न विचारता बाजूला होणार. निस्तरायला आम्ही.

मग मी सुधाला समोर बसवलं, सगळं सांगितलं आणि तुला काय हवं ते बोल म्हणाले.

"आई, मला मुलगा आवडला," ती म्हणाली. "पण बाबा असे नव्हतेच, असं जिंदगीभर कसं बोलत राहू मी?"

दुपारी खकनारला निरोप धाडला. हकीमसाहेब मांडवात पहिल्या रांगेत बसतील. रोजे खरे होते, आणि सहरी मी रांधत होते. विचार करून काय ते कळवा.

उत्तर अजून आलेलं नाही. होकार येईल, असं मनाला सांगते आहे; हात मात्र कुठल्याच कामाला लागत नाहीत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, त्यांना थोडा वेळ लागेल. नका म्हणू.

एक वचन देते. नकार आला तर तो माझ्या निरोपामुळे आला, असंच मी सुधाला सांगेन. तुमचं नाव त्यात येऊ देणार नाही. तुमच्यावर रागावायला मी एकटी पुरेशी आहे, आणि ते काम मी शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.

तुमचीच,
नलिनी