माझ्या डोक्यावरची शपथ

आई, आज दवाखान्यात माझं पिशवीभर रक्त काढलं. तपासायला नाही, टाकून द्यायला. रक्तात लोखंड फार साचलंय आणि ते कमी करायचा हाच उपाय आहे म्हणे. अंगात रक्त भरावं म्हणून तू जन्मभर खटपट केलीस, तुला हे खरंही वाटलं नसतं.

आबा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागले आणि वर्षा-दोन वर्षांतच त्यांचं त्राण गेलं. चिखलीहून सायकलवर जाणारा माणूस साध्या चढालाही उतरून सायकल ढकलू लागला. बोटं आखडली, कातडी काळवंडली. लोखंड उतरून अंगात रक्त भरावं म्हणून तू चुलीत खुरपं लाल करून ताकात बुडवायचीस. चर्र आवाज व्हायचा, घरभर जळका वास सुटायचा, आणि आबा ते ताक मुकाट्यानं पिऊन टाकायचे. मग पोट फुगलं. डॉक्टरांनी यकृत दाबून पाहिलं आणि आबांना नाही, तुला विचारलं, "किती पितात?"

आबा माळकरी. पण दारूबंदीच्या त्या दिवसांत ओढ्याकाठी हातभट्टी लागायची, हे गावाला ठाऊक होतं. शेजारीण म्हणालीच, "माळ गळ्यात असती बाई, घशात न्हाई."

त्या संध्याकाळी तू मला दंडाला धरून त्यांच्यापुढे उभं केलंस.

"हिच्या डोक्यावर हात ठेवा आन् सांगा."

"पोरीला कशाला मधी घेतीस?"

"सांगा म्हणते न्हवं!"

त्यांनी आखडलेली बोटं माझ्या केसांवर टेकवली. "न्हाई गं. थेंब न्हाई घेतला कधी."

तू माझा दंड सोडलास. भाकरी थापायला बसलीस.

आबा गेले, आणि दारूनं गेला असं गाव म्हणालं. तू तसं कधी म्हणाली नाहीस. पण मला जरा कणकण आली की तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचीस, ती मी अजून विसरलेले नाही. इतर आया ताप बघतात, तू शपथ बघायचीस. खोटी शपथ लेकराला बाधते, हे तुझ्या मनात पक्कं होतं. माझी मुलं मोठी झाली तरी "बरी हाईस न्हवं?" हे तू घाबरूनच विचारायचीस. मला त्याचा फार राग यायचा.

आता माझीही बोटं आखडतात, कातडी काळवंडली आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, बाधली शेवटी. पण इथल्या डॉक्टरीणबाईंनी आबांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशी, त्यांनाही हेच असणार. दारूचा संबंधच नसावा. काहींचं अंग जन्मापासूनच लोखंड साठवत राहतं." पुढे म्हणाल्या, हा दोष एकट्या बापाकडून येत नाही, आईकडूनही यावा लागतो. म्हणजे निम्मा तुझा, आई. तू त्यांना जाब विचारत होतीस आणि तुझ्याही रक्तात तेच निमूट बसलं होतं. त्या ताकाचं मनाला लावून घेऊ नकोस, तेवढ्यानं काही झालं नसेल. असं मी म्हणते, बाईंना विचारायचा धीर मला झाला नाही.

तुला लिहिलेला हा कागद टाकायचा कुठे? आबांना नावं ठेवणारे सगळे गेले, ओढ्याकाठी आता वर्कशॉपच्या शेड आहेत. घडी करून उशीखाली ठेवेन. मुलांना सांगितलं नाही ते तुला सांगते. मलाही तोच आजार आहे हे कळलं तेव्हा भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला. आबा खरं बोलले होते.