सेमाडोहला गेलेली खाट

बाबा, तुमचा वाघासोबतचा फोटो आज मी भिंतीवरून खाली काढला. पुसायला नाही, रागानं काढला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, आणि माझं वय आता तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षाही जास्त आहे, म्हणून हे सरळ लिहायला हरकत नाही असं धरून चालते. झालं असं, की परवा दादाचा मुलगा इथं अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी आला होता. बायकापोरांना घेऊन सेमाडोहला वाघ बघायला निघालाय. दुर्बीण घेतली, टोप्या घेतल्या, पोरांना हिरवे कपडे घेतले, तयारी विचारू नका. जाता जाता त्यानं तुमच्या फोटोचा मोबाईलवर फोटो घेतला. म्हणाला, "आत्या, आजोबा म्हणजे काय माणूस होता! तिथल्या गाईडला दाखवतो." मग बोटांनी चित्र मोठं करून म्हणाला, "पण हा वाघ ठेवलाय कशावर? टेबल आहे का?" मी म्हटलं, खाट आहे. "अच्छा," म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला. कोणाची खाट, हे त्यानं विचारलं नाही. आजवर एकानंही विचारलेलं नाही, आणि तुम्ही तर उभ्या जन्मात कोणाला सांगितलं नाहीत.

तो हिवाळा तुम्हाला आठवत असेलच. मी एकोणीस वर्षांची, अमरावतीला मास्तरणीचं शिक्षण घेत होते आणि सुट्टीत अचलपूरला घरी आले होते. दादा नोकरीवर, लांब. घरात तुम्ही, मी आणि आई. आईचे सांधे तोवर पार धरले होते. गुडघे सुजलेले, बोटं वाकडी, बसलेली उठायची तर दोन्ही काखांत हात घालून उचलावी लागे. आणि ओसरीवर तुमच्या शिकारीच्या तयारीचा बाजार मांडलेला. शिकारीच्या कंपनीचे साहेब परदेशी पाहुणे आणायचे, जंगलखात्याचा परवाना काढायचे, आणि वाघ कुठं आहे, कुठल्या पाण्यावर येतो, मचाण कुठल्या झाडावर बांधायचं, हे सगळं तुमच्यावर. त्या वर्षीचा पाहुणा अमेरिकन, आणि अंगानं दांडगा. त्याच्या सोयीची इंग्रजी यादी आली होती. ती मी वाचायची आणि तुम्ही मान हलवायची. पिण्याचं पाणी उकळून गार करून बाटल्यांत भरावं. चादरी इस्त्रीच्या असाव्यात. उश्या दोन, मऊ. शौचासाठी लाकडी पेटी, तिची कड घासून गुळगुळीत केलेली. ती कड तुम्ही स्वतः काचकागदानं तीन दिवस घासत होतात बाबा, आणि वर हात फिरवून बघत होतात की कुठं सल तर राहिली नाही ना. तेवढ्यात आत आई पाण्यासाठी हाक मारत होती. तुम्ही मला म्हणालात, "पाय वं, माय काय म्हन्ते." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, ते मी त्या ओसरीवर डोळ्यांनी पाहिलं.

तुमची अडचण मला कळत नव्हती असं नाही. आदल्या साली मचाणावरची खाट कुरकुरली होती. वाघ आमिषाला बांधलेल्या रेडकापर्यंत आलेला, पाहुण्यानं वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर टाकलं, खाट बोलली आणि वाघ माघारी फिरला. तेव्हा साहेबांनी तुम्हाला चारचौघांत झाडलं होतं आणि या खेपेला असं झालं तर दुसरा माणूस बघू म्हणून बजावलं होतं. तीस वर्षं जंगल पायाखाली घातलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग मला तुमच्यापेक्षा जास्त आला होता. म्हणून तुम्ही गल्लीतल्या खाटा एकेक करून अंगणात मागवायला लागलात तेव्हा मी हसले नाही. खाट मांडायची, तुम्ही मधोमध बसायचं, डोळे मिटून हळूच कूस वळायची आणि कान द्यायचे. कुठली चुळीत, म्हणजे पायाच्या सांध्यात बोलायची, कुठली दोरात. एक तर तुम्ही बसायच्या आधीच बोलली. सहा झाल्या, सात झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता.

आईची खाट बोलत नव्हती. सागवानी, रुंद, तिच्या माहेरहून बैलगाडीतून आलेली. ती पूर्वी बोलायची. आई कूस बदलायची तर सगळं घर जागं व्हायचं, म्हणून ती बिचारी अंग ठणकत असलं तरी हलायची नाही, लाकडासारखी पडून राहायची. मला हे कळलं दिवाळीच्या सुट्टीत. मग मी पाय उपसून काढले, चारी चुळींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या तेलात भिजवून ठोकून बसवल्या, दोर सोडून पुन्हा घट्ट विणला. त्यानंतर आई मला म्हणाली होती, "आता मले वळता येते वं. कोनाले समजतबी नाही." एवढ्याशा गोष्टीवर ती किती खूश होती! एका बाईला आपल्या घरात आपल्या खाटेवर कूस बदलण्याची मोकळीक मिळाली होती, आणि ती दोन महिने टिकली.

तुम्ही आत आलात आणि म्हणालात, "खाट लागते. पंधरा दिवसाची गोठ आहे." आईनं तुमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबा, दुसऱ्या खाटेला मी तसंच करून देते, मला फक्त आजचा दिवस द्या. तुम्ही म्हणालात, "चिंधी बसाले वेळ लागते, लाकूड मुराले लागते. तुले काय समजते त्यातलं?" मला! चिंध्या मी बसवलेल्या, आणि मला काय समजतं! आई म्हणाली, "न्या बापा." ती कधी दुसरं काही म्हणालीच नाही तुम्हाला. दुसऱ्या दिवशी आपण दोघांनी तिला उचललं, भिंतीकडेला गोधडी अंथरली होती तिच्यावर ठेवलं, आणि तुमची चार माणसं खाट खांद्यावर घेऊन दाराबाहेर पडली, कारण ट्रक गल्लीत शिरत नव्हता, चौकात उभा होता.

आता मला सांगा, अख्खा जन्म तुम्ही या गावात काढला. चार माणसं घरातून खाट घेऊन निघाली आणि आत आजारी बाई जमिनीवर ठेवलेली आहे, याचा अर्थ आपल्याकडे काय होतो? माणूस जायला लागलं की आपण त्याला खाटेवरून खाली घेतो. वाघाचं पाऊल ओल्या मातीत बघून तो नर की मादी, कालचा की आजचा, सांगणाऱ्या तुम्हाला हे कसं सुचलं नाही? गल्लीत एकानं खाट बघून डोक्यावरची टोपी काढली. शेजारची मावशी भाकरीच्या पिठाच्या हातांनी धावत आली, मागून आणखी दोघी. मावशीनं दारातच हंबरडा फोडला, "काय झालं वं माय, गेली काय?" आणि आई भिंतीला टेकून म्हणते, "अजून नाही गेली बापा. वाघाले खाट पायजे होती, म्हनून खाली आली." मग सगळ्या जणी हसल्या, आईही हसली. मी चुलीकडे तोंड करून उभी होते. तुम्ही चौकात ट्रकवर खाट बांधून घेत होतात आणि दोर नीट आवळला की नाही ते बघत होतात.

तुम्ही सोळा दिवसांनी आलात. पौषातली थंडी, मातीची जमीन. मी अमरावतीला रजेचा अर्ज धाडला आणि थांबले. तिला बसवायची, उठवायची, मागं नेऊन आणायची. जमिनीवरून उचलणं आणि खाटेवरून उचलणं यात किती फरक आहे हे माझ्या कंबरेला विचारा. एका माणसाचं ते कामच नव्हतं, मावशी हाताला यायची. आणि मला सारखं दिसत होतं, की कुठंतरी सेमाडोहच्या पुढं, झाडावर, आईच्या खाटेवर मऊ उश्या टेकून एक माणूस बसलाय आणि तो हवं तेव्हा कूस बदलतोय.

वाघ पडला. गंगेत घोडं न्हालं. तुम्ही आलात ते ताठ मानेनं, आईसाठी बिस्किटांचा डबा घेऊन. साहेबांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला होता, पाहुण्यानं आपल्या बाजूला उभं करून फोटो काढला होता. तो फोटो दोन महिन्यांनी पोस्टानं आला तेव्हा कळलं, की डाकबंगल्यापुढं वाघ चांगला दिसावा म्हणून त्याला खाटेवर झोपवलं होतं. पण खाट घरी आली त्याच दिवशी मला दोराच्या विणीत तपकिरी डाग दिसला होता. तुम्ही म्हणालात, "सिपना नदीच्या पान्यात धुतली. काई नाही राह्यलं." आपण दोघं आईला उचलायला वाकलो. तिनं हात आडवा केला. "राहू द्या," म्हणाली. "एकडाव खाली घेतलेलं मानूस परत वर नाही ठेवत."

"पागलावानी काहून बोलून राहिली?" तुम्ही चिडलात. ती चिडली नाही. तुम्ही दोर बदलून आणला, ती चढली नाही. दादा येऊन समजावून गेला, मी हातापाया पडले, मावशीनं शपथ घातली. ती बिस्किटं तेवढी चहात बुडवून खायची. दोन वर्षं, बाबा, दोन हिवाळे ती त्या भिंतीशी गोधडीवर राहिली आणि खाट ओसरीत उभी करून ठेवलेली होती. ती गेली त्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या, जुनी माणसं आली, पण तिला खाली घ्यायचं काम कोणालाच करावं लागलं नाही.

आणि तुम्ही? पुढं शिकारी बंद झाल्या, तुम्ही ओसरीत बसून आल्यागेल्याला त्या वाघाची गोष्ट सांगायचात. किती हात लांब, कसा आला, कसा थांबला. त्या गोष्टीत कान टवकारून बसलेला कोरकू म्हातारा होता, साहेब होते, रेडकूसुद्धा होतं. "अन् खाट अशी का जराबी वाजली नाही," एवढं म्हणायचात आणि पुढं जायचात. मी घरात असले तर उठून मागं जायची. तुम्ही मला कधी विचारलं नाही की का उठते. मग माझी नोकरी लागली, लग्न झालं, तुमच्याशी मी तब्येतपाण्यापलीकडे फारसं बोललेच नाही. तुम्हाला वाटत असेल, मुलगी परकी झाली. नव्हते झाले. संतापलेली होते.

इथवर झरझर लिहीत आले. खाट परत आली त्या दिवसातलं एक मात्र मी गाळलं. आईनं हात आडवा केला त्यानंतर तिनं तुम्हाला विचारलं होतं, "ह्या खाटेचा आवाज येत नाही, हे कोनं सांगतलं जी तुमाले?" तुम्ही तर कधी त्या खाटेवर बसलाही नव्हतात. मी चुलीपाशी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि म्हणालात, "कोन कायले सांगन? मलेच समजलं."

सातवी खाट बोलली तेव्हा तुम्ही अंगणात कपाळाला हात लावून बसला होतात. तोपर्यंत तुम्ही मला जन्मात काही विचारलं नव्हतं, फक्त वाच म्हणायचात. त्या दिवशीही मला विचारलं नव्हतंच, नुसतं स्वतःशी म्हणालात, "एकबी चूप नाही राहत." आणि मी दारातून म्हटलं, "आईची राहते. मी केली ना तशी." तुम्ही वर बघून म्हणालात, "शाबास पोरी."

हे तुम्ही आईला सांगितलं नाहीत. दोन वर्षांत नाही, नंतरही कोणाला नाही. तिचा राग तुम्ही एकट्यानं अंगावर घेतलात आणि वर माझाही घेतलात. मी घेऊ दिला.

फोटो पुन्हा भिंतीवर लावणार आहे. खिळा मोकळा दिसला तर नातू विचारेल. हा कागद घडी करून चौकटीच्या पाठीमागं जातो, तुमच्या आणि पुठ्ठ्याच्या मध्ये. राग अजून आहे, तो काही कमी झालेला नाही. पण बाबा, तुम्ही "शाबास" म्हणालात तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आणि आज सगळं माहीत असूनसुद्धा ते आठवलं की बरं वाटतं.