नागिणीच्या नऊ गोळ्या

११ नोव्हेंबर, मंगळवार

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. चार महिने पत्र नाही याबद्दल माफ कर. (कारण शोधत होतो. प्रामाणिक कारण आळस हेच निघालं.) तुझे गुडघे कसे आहेत?

माझी बोटं कशी आहेत ते सांगतो. बाइंडिंगच्या कामात हात दिवसभर खळीत ओले, त्यावर रबरी हातमोजे. मधल्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलायला लागली आणि खाज अशी, की गिऱ्हाइकासमोर हात टेबलाखाली लपवावे लागत. तेव्हा तू मागे दिलेला औषधांचा डबा आठवला. (औषधाचं नाव न लिहिता दुखण्याचं नाव लिहायची तुझी पद्धत मी आजवर वाखाणत आलो.) ‘अंगावर काहीही उठल्यास’ या चिठ्ठीखाली भाऊजींच्या नागिणीच्या नऊ गोळ्या होत्या. नागीण विषाणूची, माझं दुखणं कशाचं ते ठाऊक नव्हतं. पण शेवटी जंतूच ना, असं मी मनाला पटवलं. पदवीधर माणसाने हे पटवून घ्यावं याची आता लाज वाटते. घेतल्या मात्र नेटाने, दिवसाला तीन, घड्याळ लावून. डायरीत नोंदी आहेत. पहिला दिवस: खाज कमी (की लक्ष कामात?). दुसरा दिवस: आशा. तिसरा दिवस: शेजारच्या बेचक्यातही सोलायला लागलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकात पाहिली. “ही यीस्ट, म्हणजे बुरशी. विषाणूच्या गोळ्यांचं तिला काही नाही. तुम्ही गोळ्या घेतल्या हे तिला कळलंसुद्धा नसेल.” तीन दिवसांच्या निर्धाराचा असा अपमान कुणी केला नव्हता. बुरशीचं मलम दिलं, हात कोरडे ठेवा म्हणाल्या. आठवड्यात निम्मं बरं आहे.

तुझा धाकटा

ता. क. आज पुन्हा दाखवायला गेलो तर बाईंनी विचारलं, “सात दिवसांच्या गोळ्यांतल्या नऊ उरल्याच कशा?” ताई, तुझा डबा म्हणजे भाऊजींनी बरं वाटताच सोडून दिलेल्या औषधांची जंत्री आहे. नागीण कपाळावर होती हे सांगताच बाईंनी पेन खाली ठेवलं. “डोळा लाल आहे?” रविवारी तूच फोनवर म्हणालीस, “लाल असतो गं बाई, पण वाचतातही किती!” (मला ‘गं बाई’ म्हणालीस, तेही तेव्हा हसण्यावारी नेलं.) बाई म्हणाल्या, कपाळावरची नागीण डोळ्यात उतरू शकते, डोळा तपासायला उशीर चालणार नाही.

ता. क. २. फोनवर भाऊजी मला वाक्य पुरं करू देत नाहीत, म्हणून लिहिलं. टपालात टाकत नाही, स्वतः आणतोय. तू हे मोठ्याने वाच, तोवर मी त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवतो.

(डायरीत) उद्या: पहिल्या गाडीने ताईकडे, भाऊजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणे.