परसातलं घर आणि माझा अंदाज

३ मार्च, सकाळी ७.१०
ठरलं. परसात सासूबाईंसाठी छोटं घर बांधायचं. एक खोली, ओटा, बाथरूम. खुबा मोडल्यापासून त्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अडकल्यात, दोन महिने खाली उतरलेल्या नाहीत. बांधकाम परवान्याची फी किती लागेल, तो अंदाज मी काढणार. ही म्हणाली, कचेरीत जाऊन सरळ विचारा ना. पंचवीस वर्षं खरेदी विभागात घालवली मी. अंदाज म्हणजे माझ्या हातचा मळ.

४ मार्च
अंदाज तयार. दोन हजार. शेजारच्या मास्तरांना कुंपणाच्या परवान्याला आठशे पडले होते. घर म्हणजे तरी काय, छप्पर घातलेलं कुंपणच.

७ मार्च
नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला सहज विचारलं. म्हणे फी चौरस फुटावर असते. नळजोडणी, सांडपाणी आणि विकास शुल्क वेगळं. माझा आकडा ऐकून हसला. माणूस उद्धट आहे.
सुधारित अंदाज : अठरा हजार.

१० मार्च
उपाय सापडला. फी फुटावर ना? मग फूटच कमी करायचे. सकाळी चारशे होते, दुपारी तीनशे, संध्याकाळी दोनशे वीस. ही म्हणाली, आईला वॉकर घेऊन वळता आलं पाहिजे. वळायचं कशाला, तसंच मागे मागे यावं, असं सुचवलं. हिने मोजपट्टी उचलून कपाटात ठेवली.

१५ मार्च
ऐंशी फुटांच्या आत परवानाच लागत नाही! इंटरनेटवर वाचलं. अंदाज : शून्य. परसात दोरी लावून अठ्ठ्याहत्तर फूट आखले, आत खाट ठेवून पाहिली. प्रशस्त. दार उघडताना तेवढी खाट उचलावी लागेल.

१६ मार्च
सासूबाईंना फोनवर माप सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, यात मी राहायचं की फावड्यांनी?
नियम पुन्हा वाचला. सवलत अवजारांच्या खोलीलाच आहे. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

२० मार्च
आता गाफील राहणं नाही. सगळी शुल्कं, संभाव्य दंड, विलंब आकार, वर अनपेक्षित खर्च धरला. दोन लाख चाळीस हजार. जड अंतःकरणाने योजना रद्द केली. हिने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. लक्षण बरं नाही.

२४ मार्च, दुपारी १.३०
हिने रजा टाकली. चौघांना बोलावून आईला खुर्चीसकट तीन मजले खाली उतरवलं आणि थेट बांधकाम कचेरीत नेलं. मीही गेलो, अनुभवी माणूस सोबत असावा म्हणून. खिडकीवरच्या बाईंनी क्षेत्रफळ विचारलं, राहणाऱ्याचं वय विचारलं. सत्तरीपुढच्या नातेवाइकासाठी विकास शुल्क माफ. चारशे फुटांचे एकूण नऊ हजार दोनशे. अकरा मिनिटं लागली. हिने अर्जावर सही केली. सासूबाई रस्त्यावरची माणसं बघत होत्या, खुशीत होत्या.
माझा अंदाज सुरक्षित बाजूला होता, एवढं नोंदवून ठेवतो.
तरी तपासणीला उपयोगी पडेल म्हणून मी माझी फाईल बाईंपुढे सरकवली. चौदा आवृत्त्या, आकृत्यांसह. सासूबाईंनी हात पुढे केला.
"जावईबापू, ती इकडे द्या. खुर्चीचा हात कोपराला टोचतोय."
फाईल कोपराखाली घातली. जाडी बरोबर बसली म्हणाल्या.