गुरुवारपर्यंत तरी

आई, समोरच्या घरात आता तिसरं बिऱ्हाड आलंय. तरुण जोडपं आहे. पुढचं लॉन काढून त्यांनी फरशी घातली. काल त्या फरशीवर ते गाडी धूत होते, साबणाचं पाणी उताराने रस्त्यापर्यंत आलं, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी विसळता विसळता तशीच उभी राहिले. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मनातल्या मनात मी तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण ते सगळं इकडचं तिकडचं. लेकीचं कॉलेज, माझे गुडघे, साखरेविना चहा. त्या हिवाळ्याबद्दल कधीच बोलले नाही. आज बोलते.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा तू इकडे न्यूझीलंडला आलीस. मे महिना, म्हणजे इथे थंडीची सुरुवात. विमानतळावर तुझ्या पर्समध्ये पासपोर्टच्या मागे इंटरनॅशनल लायसन्स दिसलं आणि मी हसले. "इथे कुठे गाडी चालवणारेस तू?" तू म्हणालीस, "असू दे. स्टिअरिंगची सवय आहे हाताला. रिकाम्या हातांनी मला सुचत नाही." तीस वर्षं तू पुण्यात बायकांना गाडी शिकवलीस. दोन्हीकडे ब्रेक असलेली ती पांढरी गाडी, टपावर लाल 'एल'चा बोर्ड, आणि शेजारच्या सीटवर तू, मांडीवर पर्स, नजर सरळ पुढे. बँकेतल्या बायका, नव्या सुना, एकदा तर साठीच्या एक मुख्याध्यापिका. मलाही तूच शिकवलंस आणि इतरांपेक्षा कणभरही वेगळं वागवलं नाहीस. मी अठरा वर्षांची होते. लक्ष्मी रोडला एक हातगाडीवाले काका पुढे होते, मी त्यांच्या पाठीशी जाऊन तीनदा हॉर्न वाजवला. तू तुझ्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी कडेला घ्यायला लावलीस. "खाली उतर. त्यांची माफी माग आणि ये. तोवर मी गाडी हलवणार नाही." भर बाजारात मी उतरले, माफी मागितली. ते काका इतके गोंधळले की त्यांनी मलाच हात जोडले. परत आले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "हं. आता आरसा बघ आणि निघ."

अशा बाईला मी रोटोटुना उपनगरातल्या घरात आणून ठेवलं. सगळी नवी घरं, रुंद रस्ते आणि रस्त्यावर चालणारं माणूस नाही. मी आणि तुझा जावई साडेआठला ऑफिसला, नात शाळेत, आणि तीन वाजेपर्यंत तू एकटी. धुकं दहा-अकरापर्यंत उठत नसे. पहिले दोन आठवडे तू कपाटं लावलीस, मग लावलेली कपाटं पुन्हा लावलीस. मग खिडकीशी उभी राहू लागलीस.

समोर ते आजोबा राहायचे. उंच, किंचित वाकलेले, आयुष्यभर गाई राखल्या, मग शेत विकून इथे राहायला आलेले. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. डोळे अधू झाले म्हणून डॉक्टरांनी त्यांचं लायसन्स काढून घेतलं होतं. त्यांच्या गॅरेजमध्ये एक हिरवी ब्रिटिश स्पोर्ट्स कार होती, माझ्याहून वयाने मोठी, दोनच सीटची, कापडी टपाची, तारांच्या चाकांची. रोज सकाळी ते गॅरेजचं दार वर करायचे, गाडी सुरू करायचे, पाच मिनिटं शेजारी उभं राहून आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. एका रविवारी तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "तो माणूस चोक फार लवकर आत ढकलतोय. एवढ्या थंडीत इंजिन गुदमरणार नाही तर काय!" मी पेपर वाचत होते. मला तर तो आवाज ऐकूही आला नव्हता.

सोमवारी तू साडी, पायमोजे आणि सपाता घालून रस्ता ओलांडलास. संध्याकाळी भाजी चिरताना मला सांगितलंस, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणल्यासारख्या सुरात. तुमच्या दोघांच्या इंग्रजीची गाठ पडत नव्हती, पण चोक, क्लच, गिअर, ब्रेक हे शब्द दोघांचे होते. गाडी धावत असताना पहिला गिअर सहज पडत नाही, असं ते हातवारे करून समजावत होते, तर तू म्हणालीस, "डबल क्लच?" आणि ते मोठ्याने हसले. "यू'ल डू," म्हणाले आणि किल्ली तुझ्या हातात ठेवली. तेव्हापासून ते तुला 'बॉस' म्हणू लागले आणि तू त्यांना 'साहेब'.

जून-जुलै तुम्ही दोघं मंगळवारी आणि शुक्रवारी निघायचात. आजही मला तू स्वच्छ दिसतेस. काचेवर दहिवर गोठलेलं आहे, तू माझ्या जुन्या लायब्ररी कार्डाने ते खरवडते आहेस, कोमट पाणी ओततेस, उकळतं नाही, काच तडकेल म्हणून. जावयाचं जाकीट, खाली साडी, पायात नातीचे फुटबॉलचे मोजे, डोक्याला बाबांची कानटोपी. आजोबांचा हट्ट असा की टप फक्त पावसासाठी. थंडीसाठी घोंगडी असते! त्यामुळे ते गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसलेले आणि गाडीचा टप उघडा. हीटरची ऊब पायाच्या अंगठ्यापलीकडे पोचत नाही, असं तूच सांगायचीस. पावसात टप लावला तरी तुझ्या डाव्या खांद्यावर थेंब पडायचे. परत आलीस की नाक लाल, हात गार, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच तुला भूक लागलेली असायची. दोनदा पान वाढून घ्यायचीस. आधी गॉर्डनटनपर्यंत, मग मोरिन्सविल, मग त्याही पुढे. दर वेळी थोडं लांब जात होतात. भिंतीवर नकाशा लावला होतास, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. मी कधी विचारलं नाही की हे कुठे चाललंय. एका शनिवारी तू नातीला कॉलनीत फिरवून आणलंस, ती ओरडत होती, "आजी, इट्स फ्रीझिंग! गो फास्टर!" मलाही तू दोनदा म्हणालीस, "चल की." दोन्ही वेळा मी इस्त्रीचं निमित्त सांगितलं.

ऑगस्टमध्ये मराठी मंडळाचं गेट-टुगेदर होतं. हॉलमध्ये पावभाजीच्या रांगेत एकजण मला म्हणाली, "अगं, काकू दिसल्या परवा मोरिन्सविलला! कॅफेबाहेर, उघड्या गाडीत. शेजारी गोरे आजोबा. छान रमल्यात हो!" मागच्या दोघी हसल्या. तसं त्यात वाईट काही नव्हतं. आता तर वाटतं, त्यांना खरंच कौतुक वाटलं असेल. पण माझे कान तापले. तू कोपऱ्यात खुर्चीवर बसून कोणाच्या तरी बाळाला खेळवत होतीस, आणि मला एकदम दिसलं ते तुझं कोरं कपाळ. बाबांना जाऊन वर्ष झालं आणि लोक काय म्हणत असतील.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी सुरू केलं. म्हणाले, रस्त्यावर बर्फ असतो, धुकं असतं, तुझं वय सहासष्ट, त्यांना दिसत नाही, उद्या काही झालं तर इन्शुरन्स, पोलीस, मी कोणाकोणाला तोंड देऊ. तू शांतपणे ऐकत होतीस. म्हणालीस, "मी तीस वर्षांत एकदाही गाडी घासली नाही, तुला माहितेय." आणि मग, "बरं. पण गुरुवारपर्यंत तरी. गुरुवार झाला की किल्ली परत देते."

मी विचारलं नाही, गुरुवारी काय आहे. मी म्हणाले, "आई, इथे तू पाहुणी आहेस. पाहुण्यासारखी राहा ना."

तू ओटा पुसत होतीस. पुसलेला ओटा पुन्हा एकदा पुसलास, फडकं पिळलंस, नळावर वाळत घातलंस. "बरं," म्हणालीस. एवढंच.

गुरुवारी लेकीला ताप होता म्हणून मी घरी होते. दहाच्या सुमारास खिडकीतून पाहिलं तर आजोबा ड्राइव्हवेवर, गाडीपाशी. सूट घातलेला, टाय, बूट चकचकीत. हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. तू रस्ता ओलांडून गेलीस. काय बोललीस ते कळलं नाही, पण त्यांनी दोनदा मान हलवली आणि तुझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांनीच तुझी समजूत काढावी तसं. मग तुम्ही दोघं गाडीत बसलात, तू स्टिअरिंगवर, ते शेजारी, मांडीवर फुलं. तू गाडी सुरू केली नाहीस. तासभर तुम्ही तसेच बसून होतात, उघड्या गाडीत, त्या गारठ्यात. आजोबा हात पुढे करून काहीतरी सांगत होते, डावीकडे, उजवीकडे, आणि तू मान डोलवत होतीस. आई, मी बाहेर येऊन नुसतं "जा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अकरा वाजले होते, दिवस उघडला होता, ऊन पडलं होतं. मी लेकीच्या कपाळावर पट्टी ठेवत राहिले. तू घरी आलीस, हात धुतलेस आणि वरणाला फोडणी दिलीस.

सप्टेंबरात आजोबांचा मुलगा त्यांना डोंगरापलीकडे, समुद्रकाठच्या टौरंगाला घेऊन जायला आला, तेव्हा ते निरोप घ्यायला आले. तेव्हा त्यांच्याकडून मला कळलं. त्यांची बायको टौरंगाच्या दफनभूमीत आहे. तिचं माहेर तिकडचं. दोघं त्या गाडीतून हनिमूनला गेले होते, कायमाईच्या डोंगरावरून. तो गुरुवार तिच्या जाण्याचा दिवस होता, आणि त्यांना एकदाच, त्याच गाडीतून, त्याच घाटाने तिच्याकडे जायचं होतं. डोंगरावर हिवाळ्यात धुकं उतरतं, वळणं आहेत, म्हणून तू दोन महिने हळूहळू अंतर वाढवत सराव करत होतीस. मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं." ते म्हणाले, "नो वरीज, डिअर. युवर मम डिड हीप्स." खूप केलंस तू, असं. गाडी मोठ्या ट्रेलरवर चढवून नेली. तू खिडकीत आली नाहीस.

तुझं तिकीट नोव्हेंबरचं होतं. तू ते बदलून महिनाभर आधीचं घेतलंस, पुण्यात गच्चीला गळती लागलीय म्हणालीस. विमानतळावर नातीला जवळ घेतलंस, मलाही. माझी पाठ थोपटलीस. मला तेव्हा सगळं सांगायचं होतं, पण चेक-इनची रांग, वजन, सोबत मिळावी म्हणून तुझ्यासाठी मागवलेली व्हीलचेअर. म्हटलं, फोनवर बोलू. मग दर रविवारी कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवायचा आणि तू विचारायचीस, थंडी कशी आहे, मी सांगायचे, आहे. सोळा महिने असेच गेले. मग एका दुपारी झोपलीस ती उठलीच नाहीस. मी तिसऱ्या दिवशी पोचले.

दहाव्याला तुझ्या एक जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, बँकेतल्या त्या बाई, ज्या शेवटपर्यंत तुझ्याकडे येत होत्या. माझा हात हातात घेऊन बसल्या. म्हणाल्या, "बाईंना न्यूझीलंडचं किती बोलायचं असायचं! सांगायच्या, माझी लेकच मागे लागली, आई घरात बसू नकोस, चालव ती गाडी. कोण करतं गं एवढं आईसाठी?"

त्या बोलत राहिल्या. सांगत होत्या, डोंगरावर कसं दाट धुकं होतं, तू दिवे लावून दुसऱ्या गिअरमध्ये कशी गाडी चढवलीस, माथ्यावर आल्यावर धुकं कसं खाली राहिलं, आणि उतारावर एका वळणाला एकदम समुद्र दिसला तेव्हा साहेबांनी घोंगडीत तोंड कसं लपवलं. कबरीवर तूही दोन फुलं वाहिलीस म्हणे. ज्या प्रवासाला मी तुला जाऊ दिलं नाही, तो प्रवास मी पुण्याच्या आपल्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर बसून पहिल्यांदा ऐकत होते. वळणं, समुद्र, सगळं त्या बंद गाडीत बसून त्यांनी तुला सांगितलं असणार. आणि तू ते इथे आणून असं सांगितलंस की त्यात मला कुठे बोल लागू नये.

"तूही गेली होतीस का गं बरोबर?" त्यांनी विचारलं.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. तेरा-चौदा माणसं होती खोलीत, पण आवाज खाली आणून त्या एकट्यांना सांगता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. "त्यांच्या गाडीत दोनच सीट होत्या ना. मी माझ्या गाडीतून गेले होते."