चौदा नंबरची बाई

पिपरी मेघे,
रविवार

प्रिय आचल,

हा तिसरा कागद. आधीचे दोन फाडले, कारण दोन्हीवर मी तुलाच शहाणपणा शिकवत बसले होते. आज जीव थाऱ्यावर नाही. दोनदा चहा ठेवला, दोनदा उतू गेला.

आष्टीला तुमच्या कॉलेजात आले होते तेव्हा काय बडबडले होते मी, आठवतं? मनावरचं सगळं संशोधन मोठ्या शहरांतली माणसं करतात, तेही स्वतःसारख्यांवरच. आपल्या बायांचं मन आपल्याच पोरींनी समजून घेतलं पाहिजे. टाळ्या पडल्या. नंतर तू एकटीच मागे थांबलीस, "ताई, मले जमन का?" म्हणत. न जमायला काय झालं, म्हटलं, आणि तुमच्या दुकानावर तुझ्या बाबांना विचारून तुला हाताखाली घेतलं.

मग हातात छापील प्रश्नावली दिली. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं? बाया पटापट "नाई, कायीच नाई" म्हणायच्या आणि पदर सावरून उठायच्या. तू मात्र त्यांच्यासोबत तूर निवडत बसलीस, "जीव कसा आहे, काकू?" असं विचारलंस आणि त्यांचे शब्द समासात लिहून आणलेस. चौदा नंबरची बाई म्हणाली होती, "सकाळी उठलं का वाटते, आज कायले उठली मी."

ते मी आपल्या गटातल्या सगळ्या पोरींसमोर वाचलं. फॉर्मवर शून्य आणि समासात ही गोष्ट? मनानं रचून आणलंस का? कोण ही बाई? तू मान खाली घालून म्हणालीस, "नाव नाई सांगता येत, ताई." दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस. खरं सांगते, मला तेव्हा रागच आला होता. एवढंसं बोललेलं सोसत नाही या पोरींना, म्हटलं.

परवा आष्टीला आईकडे गेले. सुधारलेली प्रश्नावली आधी तिलाच विचारून पाहिली. सगळ्याला शून्य! वर हसून म्हणते, "मले काय धाड भरली?" मी कागद ठेवून दिला आणि तिच्यासोबत मेथी निवडायला बसले. बऱ्याच वेळानं, वर न बघताच ती म्हणाली, "सकाळी उठलं का वाटते, आज कायले उठली मी."

अगं आचल, माझे हातच थांबले. मला का नाही सांगितलंस, असं आईला विचारलं. "तू त कागद घेऊन येते. त्या दुकानवाल्याच्या पोरीले सांगितलं होतं. कोणाले सांगणार नाई म्हणे. ते काऊन येत नाई आता?"

त्या दिवशी 'तुमची आई' एवढे दोन शब्द बोलली असतीस, तर माझं तोंड बंद झालं असतं. तू बोलली नाहीस. नाव फोडायचं नाही हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि तू ते माझ्यापासूनही पाळलंस. बुधवारी मी तुमच्या दुकानावर येते. कामावर परत ये किंवा नको येऊस, माफी मागायची आहेच, तीही चारचौघांत. पण त्याआधी एकदा आईकडे जाऊन बस. ती काय बोलली, ते मी विचारणार नाही.

तुझीच,
चुकलेली वर्षालीताई